तिचे कामाचे आठ तास



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्या बाईंचं सारं आयुष्य कामगार वस्तीत गेलं. त्यामुळे संयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला तेव्हा मला फार शोधावं लागलं नाही. घरात मार खाणारी, छळ सोसणारी बाई सकाळी कामावर येते, तेव्हा तिला काम देणाऱ्यानं काय करायचं? कारखान्याच्या व्यवस्थापकानं, शाळेच्या मुख्याध्यापकानं, दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरनं, तीन मुली कामाला ठेवणाऱ्या साडीच्या दुकानदारानं काय करायचं?

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं. 'तो त्यांच्या घरचा मामला आहे, आपण कशाला मध्ये पडायचं?' कारखाने अधिनियमानुसार पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असतील तिथं कल्याण अधिकारी नेमावा लागायचा. ते काम मी केलं, आणि नोकरीभर हे वाक्य ऐकलं. बोलणारी माणसं निर्दय नव्हती. दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसू नये, हा त्यांना सभ्यपणा वाटायचा. तरीही आज मला ठामपणे सांगायचं आहे की हे उत्तर चूक आहे. आणि बरोबर उत्तर फारसं अवघडही नाही. मालकानं न्यायाधीश व्हायचं नाही. पोलीस व्हायचं नाही. दोघांना समोर बसवून संसार जुळवून द्यायला तर मुळीच जायचं नाही. त्यानं एक गोष्ट सांभाळायची: तिची नोकरी जाता कामा नये. मी आज जे काही सांगणार आहे, ते सगळं या एका वाक्यातून निघतं.

पहिला मुद्दा, हा प्रश्न आपल्या आवारात आहे का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. लग्न झालेल्या, १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांना त्यात विचारलं होतं. महाराष्ट्रातल्या सुमारे २५ टक्के जणींनी सांगितलं की नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागली. देशाचा आकडा २९ टक्क्यांच्या घरात आहे. तुमच्या आस्थापनेत लग्न झालेल्या चाळीस जणी असतील, तर हिशेब तुम्हीच करा. याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे, आणि तो मला पहिल्याहून जास्त अस्वस्थ करतो. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींनी ना कुणाकडे मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. तेव्हा 'आमच्याकडे असलं काही नाही' असं एखादा व्यवस्थापक म्हणतो, त्याचा अर्थ एवढाच की त्याला कुणी सांगितलेलं नाही.

बरं, हा आकडा फक्त नवऱ्याचा. वडील आणि भाऊ जिच्या पगारावर हक्क सांगतात, जातीबाहेर मन जुळलं म्हणून जिला कोंडून ठेवतात, ती बिनलग्नाची मुलगी यात नाही. सुनेचा छळ करणारी सासू यात नाही. म्हाताऱ्या आईच्या अंगावर हात टाकणारा मुलगाही नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं मात्र हे सोसणाऱ्या सगळ्या जणींना जवळ घेतलं आहे.

आता मला सांगा, ही हिंसा कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबते का? नाही थांबत. ती नोकरीवरच चालून येते. या कायद्याखाली संरक्षण अधिकारी जो घटना अहवाल भरतात, त्यात आर्थिक हिंसेची यादी आहे. नोकरी धरू न देणं, चालू नोकरीत अडथळे आणणं, पगार काढून घेणं, स्वतःचाच पगार तिला वापरू न देणं. ही सरकारी भाषा झाली. प्रत्यक्षात काय घडतं? पहाटेपर्यंत झोपू दिलं जात नाही. निघायच्या वेळी ओळखपत्र सापडत नाही. धुऊन ठेवलेला गणवेश बादलीत भिजवलेला असतो. लहान पोर दारात सोडून नवरा निघून जातो. कामावर दिवसातून वीस फोन येतात. एखाद्या दिवशी तो स्वतःच येतो आणि फाटकावर आरडाओरडा करतो. या सगळ्याचा हेतू एकच असतो: नोकरी सुटली पाहिजे, किंवा नोकरी तिची राहिली तरी पगार त्याचा झाला पाहिजे.

आणि आपण काय करतो? तिसऱ्या उशिराला अर्धा दिवस कापतो. चौथ्या गैरहजेरीला मेमो देतो. फाटकावर तमाशा झाला की तिलाच केबिनमध्ये बोलावतो आणि 'कंपनीचं नाव खराब होतं' म्हणून सुनावतो. शेवटी ती राजीनामा देते, आणि आपण तो स्वीकारतो. छळणाऱ्याला वर्षभर खटपट करून जे साधलं नव्हतं, ते आपलं नियमपुस्तक महिन्याभरात साधून देतं. म्हणून म्हणते, मालक यात तटस्थ राहूच शकत नाही. काहीच न करणारा मालकही एका बाजूला उभा असतो.

दुसरा मुद्दा. कामाची जागाच का? त्यासाठी पोलीस आहेत, कोर्ट आहे, माहेर आहे.

आहेत ना. पण महाराष्ट्रात या कामाचा प्रवास कसा झाला तो पाहा. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच इमारतीत प्रशिक्षित समाजसेविका बसली. तक्रार करायला आलेल्या बाईला 'घरी जा, सांभाळून घे' असं सांगण्याऐवजी तिचं म्हणणं ऐकून घेणारं माणूस तिथं असलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. पुढे २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उभं राहिलं, मुंबई महानगरपालिका आणि 'सेहत' या संस्थेच्या पुढाकारानं. त्यामागचं निरीक्षण साधं होतं. पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई दवाखान्यात मात्र येते. हात मोडला म्हणून येते, विष घेतलं म्हणून आणली जाते. तिथली परिचारिका ओळखायला शिकली, तर मदत कितीतरी आधी पोचते.

या दोन्ही ठिकाणी एकच शहाणपण दिसतं. बाईनं मदत शोधत फिरायचं नाही. ती जिथं आधीच येते, तिथं मदतीनं जाऊन बसायचं. आता विचार करा, ती रोज कुठं येते? माहेरी जाणं तो बंद करू शकतो. मैत्रिणी तोडू शकतो. शेजारणीशी बोललीस तर बघ, असं दरडावू शकतो. पण कामावर तो तिला पाठवतो, कारण पैसा हवा असतो. कित्येक जणींच्या आयुष्यात घराबाहेर एकटीनं, कुणाच्या नजरेखाली न राहता काढलेले तास एवढेच असतात: कामाचे आठ तास. पोलीस ठाण्यात कक्ष झाला, रुग्णालयात केंद्र झालं. कामाच्या ठिकाणी अजून काहीच नाही. ही तिसरी जागा आपण मोकळी सोडली आहे.

तिसरा मुद्दा, ओळखायचं कसं?

इथं आधी एक सावधगिरी. खुणांची यादी हातात घेऊन सहकाऱ्यांच्या मागे लागायचं नाही. एका खुणेवरून काहीही ठरत नाही. लक्ष ठेवायचं ते बदलावर, आणि एकत्र दिसू लागलेल्या गोष्टींवर. वेळेवर येणारी बाई सोमवारी किंवा पगाराच्या दुसऱ्या दिवशी गैरहजर राहू लागते. मे महिन्यात गळ्यापर्यंत ओढणी आणि पूर्ण बाह्या. बाथरूममध्ये घसरले, कपाट लागलं, असं पुन्हा पुन्हा. फोन वाजला की दचकते, आणि आजूबाजूला कोण आहे हे तिला व्हिडिओ कॉलवर दाखवावं लागतं. प्रशिक्षणाला बाहेरगावी पाठवायचं म्हटलं की चेहरा उतरतो. बढती नको म्हणते. पगार झाल्याच्या तिसऱ्या दिवशी उचल मागते.

काही खुणा तर आपण गुण म्हणून मोजतो. चाकणकडच्या एका कारखान्यात वायरिंगच्या जुळणीवर एक तरुण बाई होती. पाळी सुटली की बाकीच्या बसकडे पळायच्या, ही कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून राहायची. रविवारचा ओव्हरटाइम कुणाला नको असला की हिला हवा असायचा. सुपरवायझर तिच्यावर खूश. मी एकदा चहा घेऊन तिच्यासमोर बसले आणि विचारलं, घरी जायला उशीर नाही का होत? ती म्हणाली, 'मॅडम, इथं बसलं की कुणी काही बोलत नाही.'

एवढंच. पुढचं कळायला बरेच आठवडे गेले. एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात, पगार जमा झाल्याचा मेसेज त्याच्या मोबाइलवर, आणि बसभाड्यापासून मुलीच्या वहीपर्यंत प्रत्येक रुपया मागून घ्यायचा. अकाउंट्सच्या माणसानं चांगल्या मनानं तोडगा काढला. दुसऱ्या बँकेत खातं काढू, पुढच्या महिन्यापासून पगार तिकडं वळवू. फॉर्म घेऊनच आला तो. ती फॉर्मला हात लावेना. म्हणाली, 'एक तारखेला त्याच्या मोबाइलवर मेसेज गेला नाही, तर दोन तारखेला मी कामावर दिसणार नाही.'

मग तिच्या चालीनं काम झालं. खातं उघडलं, पण पगार जुन्याच खात्यात जात राहिला. नवं पासबुक माझ्या कपाटात राहिलं. मुलांचे जन्मदाखले, आधार कार्डाच्या प्रती, शाळेची कागदपत्रं एकेक करून डब्याच्या पिशवीतून आली. बहिणीकडे राहायची सोय झाली. आणि ज्या दिवशी तिनं सांगितलं, त्या दिवशी पगाराचं खातं बदललं. धोका कुठून येणार आणि कधी येणार, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. घर सोडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, हे या क्षेत्रात काम करणारी प्रत्येक समुपदेशक तुम्हाला सांगेल. म्हणून वेग तिचा, निर्णय तिचा. आपण सोय करून ठेवायची.

चौथा मुद्दा, बोलायचं कसं?

खूप जण इथंच अडतात. विचारलं आणि तिला राग आला तर? विचारलं आणि ती रडायला लागली तर? विचारा. एकांतात विचारा, ओळखीच्या शब्दांत विचारा. 'हल्ली तुम्ही थकलेल्या दिसता. घरी सगळं ठीक आहे ना? मला काळजी वाटली म्हणून विचारते. सांगायचं नसेल तर नका सांगू, पण कधी वाटलं तर येऊन बसा.' झालं. ती 'काही नाही' म्हणाली, तर तिचं 'काही नाही' मान्य करा. कुणीतरी विचारलं होतं, हे ती विसरत नाही. कधी कधी सहा महिन्यांनी येऊन बसते.

काय बोलायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. 'तुम्ही काय केलं होतं?' हे विचारायचं नाही. 'इतकी वर्षं का सहन केलंत?' हे विचारायचं नाही. 'मुलांकडे बघून घ्या' हे तर अजिबात म्हणायचं नाही, ते तिला हजारदा ऐकवलेलं असतं. नवऱ्याला फोन करून समज द्यायची नाही. त्याला ऑफिसात बोलावून समेट घडवायचा नाही. तुमच्यासमोर तो मान खाली घालून बसेल, आणि त्या बैठकीची किंमत ती रात्री मोजेल. आणि तिनं सांगितलेलं तिच्या परवानगीवाचून कुणालाही सांगायचं नाही, जेवणाच्या टेबलावर तर नाहीच. जीवावरचा धोका समोर दिसत असेल तेव्हाच याला अपवाद, आणि तेव्हा ११२ लावायला कचरायचं नाही.

पाचवा मुद्दा, आणि मला त्यावर थोडं जास्त थांबायचं आहे: व्यवस्था. सहानुभूती एका चांगल्या माणसापाशी असते. ते माणूस बदलून गेलं की संपते. व्यवस्था राहते.

सुरुवात रजेपासून करू. कोर्टाची तारीख, पोलीस ठाणं, वैद्यकीय तपासणी, नवं घर शोधणं, मुलांची शाळा बदलणं, ही सगळी कामं दिवसाच्या वेळातच होतात. फिलिपिन्सनं २००४ च्या कायद्यात अशा स्त्रीला दहा दिवसांची भरपगारी रजा दिली. न्यूझीलंडमध्ये २०१९ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२३ पासून वर्षाला दहा दिवस मिळतात. ऑस्ट्रेलियाच्या नियमातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ही रजा घेतली असं पगारपत्रकावर छापायचं नाही, अशी तिथं सक्ती आहे. का? कारण पगारपत्रक घरी जातं आणि ते कोण वाचतं, हे नियम करणाऱ्यांना कळलं होतं. आपल्याकडे या रजेचा कायदा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार कौटुंबिक हिंसेचा कामावर होणारा परिणाम ओळखायला आणि शक्य तितका कमी करायला सांगतो. त्याला भारतानं अजून मान्यता दिलेली नाही. पण रजा द्यायला कायद्याची वाट कशाला बघायची? विशेष रजा देण्याचा अधिकार जवळजवळ प्रत्येक व्यवस्थापनापाशी असतो. तो वापरायचा, आणि कारण नोंदवायचं 'वैयक्तिक'.

दुसरं, पगार. खातं एकट्या तिच्या नावावर असावं, मेसेजचा मोबाइल क्रमांक तिचा असावा. ते बदलायची वेळ तिनं ठरवावी. संकटकाळी संपर्क म्हणून फॉर्मवर कुणाचं नाव आहे, ते एकदा तिला विचारा. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत एक तरतूद आहे, ती बहुतेक बायकांना माहीत नसते. सभासद स्त्रीनं लेखी कळवलं, तर त्या योजनेपुरतं नवऱ्याला कुटुंबातून वगळता येतं. मग नामनिर्देशन मुलांच्या नावे करता येतं. हा कागद तिच्यापुढे कोण ठेवणार? आस्थापना विभागातला माणूसच ना?

तिसरं, फाटक आणि टेलिफोन. 'अहो, मी तिचा नवरा बोलतोय, आज किती वाजता सुटणार ती?' असा फोन येतो आणि आपली रिसेप्शनवरची मुलगी भाबडेपणानं वेळ सांगून टाकते. नियम करा, आणि तो सगळ्यांसाठी करा: कुठल्याही कर्मचाऱ्याची पाळी, रजा, बसचा थांबा फोनवर कुणालाही सांगायचा नाही. नियम सर्वांना लागू असला की कुणा एकीकडे बोट जात नाही. तिला हवं असेल तर पाळी बदला, टेबल बदला, दुसऱ्या शाखेत पाठवा, वाहनतळापर्यंत सोबत द्या. एक मात्र लक्षात ठेवा. 'घरूनच काम करा, तुम्हाला बरं पडेल' असं परस्पर ठरवू नका. घर हाच जिच्यासाठी धोका आहे, तिचे मोकळे आठ तास आपण त्यात काढून घेतो.

चौथं, कागद. हजेरीपट, फाटकावरची नोंदवही, सीसीटीव्हीचं चित्रण, कार्यालयाच्या ईमेलवर आलेल्या धमक्या, हे सगळं उद्या तिचा पुरावा असतो. तो नष्ट होऊ देऊ नका आणि ती मागेल तेव्हा खळखळ न करता द्या.

सहावा मुद्दा कायद्याचा. थोडक्यात सांगते, पण नीट ऐका, कारण मालकांना वाटतं त्यापेक्षा कायदा त्यांच्या कितीतरी जवळ आला आहे.

२००५ च्या कायद्यानुसार न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देतात. त्यात पीडित स्त्रीच्या कामाच्या ठिकाणी पाऊल टाकायचं नाही, अशी मनाई प्रतिवादीला घालता येते. फोन-मेसेज करायचे नाहीत, अशीही घालता येते. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिची संमती असेल तर त्या आदेशाची प्रत सुरक्षा विभागात असली पाहिजे. फाटकावरच्या माणसाला ते माहीतच नसेल, तर कोर्टानं दिलेलं संरक्षण फाइलीत पडून राहतं.

तक्रार फक्त तिनंच करावी असंही नाही. हिंसा होत असल्याचं वाटण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि प्रामाणिक हेतूनं कळवल्याबद्दल तिच्यावर कसलीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. तरीही त्या बाईला विचारल्याशिवाय हे पाऊल उचलू नका. वकिलाचे पैसे नाहीत, असं ती म्हणेल. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १८१ ही महिला मदतवाहिनी आहे, जिल्ह्यात सखी केंद्र आहे. हे क्रमांक स्त्रियांच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथं उभं राहून वाचताना कुणी पाहत नाही.

आणि २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा? घरातल्या हिंसेची तक्रार त्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीपुढे चालवता येणार नाही, ते तिचं क्षेत्र नाही. पण समितीवरच्या सदस्यांना ऐकून घ्यायचं प्रशिक्षण मिळालेलं असतं, गुप्ततेची सवय असते. पहिला आधार म्हणून त्यांच्याइतकी योग्य माणसं कुठं मिळणार?

सातवा मुद्दा बोलायला कठीण आहे, तरी बोलते. आतापर्यंत आपण सोसणारीबद्दल बोललो. पण मारणारा कुठं नोकरी करतो? तोही कुणाच्यातरी हजेरीपटावर असतोच की!

या माणसाशी मालकाचा संबंध नाही, असं म्हणू नका. स्त्रीला द्यायचा खर्च तो देत नसेल, तर त्याच्या पगारातून रक्कम थेट तिला द्या किंवा कोर्टात भरा, असा आदेश न्यायदंडाधिकारी त्याच्या मालकाला देऊ शकतात. असा आदेश आल्यावर कित्येक कार्यालयांत काय होतं? 'आपला माणूस आहे' म्हणून पत्र टेबलावर पडून राहतं. पोटगीच्या दाव्यासाठी पगाराचा दाखला हवा असतो, तेव्हा भत्ते वगळून कमी पगाराचा दाखला दिला जातो. समन्स घेऊन माणूस आला की 'साहेब दौऱ्यावर आहेत'. ही मैत्री वाटते, पण प्रत्यक्षात एका बाईच्या आणि तिच्या लेकरांच्या ताटातलं अन्न आपण काढून घेत असतो. खरा दाखला वेळेवर देणं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आणि पुरुषांशी बोललंही पाहिजे. मुंबईत 'मावा' ही पुरुषांनी काढलेली संघटना १९९३ पासून पुरुषांमध्ये हेच काम करते आहे. सुरक्षा सप्ताहात आपण हेल्मेटवर बोलतो, व्यसनमुक्तीची शिबिरं घेतो. मग बायकोवर हात उगारणं हा पुरुषार्थ नव्हे, हे कारखान्याच्या सभेत व्यवस्थापकानं मोठ्यानं का म्हणू नये? कामगार संघटनेच्या नेत्यानं का म्हणू नये? पुरुषाचं ऐकून पुरुष बदलतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता शेवटचा मुद्दा. माझं बोलणं ऐकताना तुमच्यातल्या अनेकांना वाटलं असेल की आम्ही कुठं कारखानदार आहोत? आमच्याकडे कुठं आस्थापना विभाग आहे?

तुमच्या घरी भांडी घासायला, स्वयंपाकाला, म्हाताऱ्या सासूबाईंना सांभाळायला कोण येतं? तिचा पगार कोण देतं? मग मालक कोण? महाराष्ट्रात घरकामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, लैंगिक छळविरोधी कायद्यात राहतं घर हेही कामाचं ठिकाण धरलं आहे. कायद्याच्या नजरेत तुमचं स्वयंपाकघर ही कुणाचीतरी कामाची जागा आहे.

कामाला येणाऱ्या ताईंचा डोळा सुजलेला असतो. आपण बघतो. 'परत प्यायला वाटतं' म्हणतो आणि कणीक काढून देतो. यापेक्षा जास्त करता येतं. दार लावून घ्या, दोघींसाठी चहा टाका, आणि विचारा. पोलीस ठाण्यात जायचं म्हणाल्या, तर सोबत जा. तुमच्यासारखी बाई सोबत असली की तिथला माणूस खुर्ची देतो, ही आपल्या समाजातली कटू वस्तुस्थिती आहे. ती त्यांच्या कामी आणा. त्यांच्या आधार कार्डाची, रेशन कार्डाची, पासबुकाची प्रत तुमच्या कपाटात ठेवा. पगार रोख हवा की खात्यात, आणि कुणाच्या हाती, हे त्यांना विचारून ठरवा. कोर्टाच्या तारखेसाठी खाडा झाला तर पैसे कापू नका. आणि चार दिवस न सांगता आल्या नाहीत, तर दुसरी बाई लावण्याआधी एकदा फोन करा. फोन उचलला नाही तर घरी जाऊन या.

दुकानदारांना, डॉक्टरांना, पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना हेच सांगणं. धोरणाचं पुस्तक नसलं तरी चालतं. एकांतात विचारणारं एक माणूस, वेळेला दिलेली उचल, बोलायला एक सुरक्षित फोन, आणि जागा राखून ठेवण्याचा शब्द, एवढं कुठल्याही छोट्या आस्थापनेला जमतं.

थोडक्यात सांगते. हिंसा आपल्या आवारात आहे, ती नसल्याचं सोंग सोडू या. बदल दिसला की एकांतात विचारू या, आणि तिच्या उत्तराचा मान ठेवू या. समेट घडवायला जाऊ नये. रजा, पगार, फाटक आणि कागद या चार गोष्टींची व्यवस्था लिहून ठेवू या. कायद्यानं मालकाच्या हाती जे दिलं आहे ते वापरू या. मारणाऱ्याला पाठीशी घालू नये. आणि घरी काम करणारीला यातून वगळू नये.

पुढल्या महिन्यात तुमच्या संचालक मंडळाची, शाळा समितीची, गृहनिर्माण संस्थेची बैठक असेल. विषयपत्रिकेवर एक ओळ घाला: 'घरातल्या हिंसेमुळे कुणाचीही नोकरी जाणार नाही.' त्यावर चर्चा करा, ठराव करा, जबाबदार माणसाचं नाव ठरावात लिहा, आणि तो ठराव सगळ्यांना दिसेल असा लावा. जिला त्याची गरज आहे, ती तो वाचेल. तिला मारणाऱ्यालाही कधीतरी कळेल की तिला नोकरीवरून काढायला लावणं आता त्याच्या हातात राहिलेलं नाही.